जगनचं अळणी पथ्य

कामोठ्याच्या खाडीवर जी मिठागरं होती, त्यांत जगनइतकं नीट काम करणारा दुसरा नव्हता. मिठाची कोंडी, म्हणजे मीठ पिकवायचा वाफा, धरायची तर आधी तिचा तळ पायांनी तुडवावा लागतो. पंधरा दिवस, रोज, बाजूनं सुरू करून मध्यावर यायचं. ज्याला घाई असते तो मधलं सोडतो आणि वैशाखात त्याचं मीठ मातकट निघतं. जगनच्या कोंडीतलं मीठ तळापासून पांढरं निघायचं. पाण्यावर साय धरली की बाकीचे फावडी घेऊन उतरायचे. हा बांधावर उकिडवा बसून राहायचा. म्हणायचा, "अजून नाय. उद्या दुपारी." आणि ते उद्या दुपारीच व्हायचं.

एकाच ठिकाणी त्याला घाई होत होती, आणि तिथं त्याचा काही इलाज चालत नव्हता.

लग्नाला चार वर्षं झाली होती. हौसा उरणकडची, लग्नात वीस वर्षांची. ती मिठाची पाटी काठोकाठ भरून उचलायची, बांधावरून चालताना खडासुद्धा सांडायची नाही. जगनला ती पहिल्या दिवसापासून आवडली होती. पण बायकोजवळ गेला की सुरू होण्याआधीच त्याचं संपायचं. एकदा नाही, दोनदा नाही, चार वर्षं. मग तो कूस बदलून कुडाच्या भिंतीकडं तोंड करायचा. भिंतीपलीकडं त्याची आई, गुणाबाई, खोकायची.

मूल नव्हतं. व्हायचं कसं, हे जगनला माहीत होतं आणि होत का नाही, हेही. गावाला दुसरा अर्धा भाग माहीत नव्हता. गावानं हौसाला वांझ ठरवलं होतं. अठ्ठावन्न सालच्या संक्रांतीला वाण द्यायला आलेल्या बायकांनी तिच्या हातात वाण दिलंच नाही, सुपात ठेवलं. त्या दिवशी गुणाबाईनं जेवताना मुलाला सांगितलं, "आखितीपावेतो बगते. तवर दिवस गेलं नाय तर काडीमोड. दुसरी कराची तर ही असताना कायदा करू देत नाय, म्हणून हिला आधी धाडाची."

हौसा भाकरी वाढत होती. तिनं ती नीट वाढली, तवा उतरवला आणि मागच्या दारी गेली.

जगनपाशी संक्रांतीपासून आखितीपर्यंतचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतचा वेळ होता.

आधी त्यानं पनवेलच्या बाजारातला तंबू गाठला. तंबूवर नागाचं चित्र आणि आत बाटल्यांची रांग. तंबूवाल्यानं त्याला काही विचारलंच नाही. "तारुण्यातल्या चुका," एवढं म्हणून तेलाची बाटली पुढं केली. ते तेल लावलं आणि जगन सकाळपर्यंत अंगणात फेऱ्या मारत होता. मिरची वाटल्यासारखी आग. मिठागरात खाऱ्या पाण्यात उतरल्यावर तर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या कोंडीतला दादू, त्याचा लहानपणापासूनचा सोबती, लांबून ओरडला, "काय रं, इंगली चावली काय? असा काय नाचतंस?" सगळे हसले. जगनही हसला.

मग देवळाच्या ओट्यावर उतरलेल्या एका बैराग्यानं काळी गोळी दिली. अफूच होती ती. तिनं फरक पडला, हे खोटं नाही. पण चार दिवस पोट साफ नाही, आणि पाचव्या दिवशी भरतीच्या वेळी बांधावर बसल्या बसल्या त्याला झोप लागली. खाडीचं पाणी आत घ्यायची झडप उघडीच राहिली. दादूनं धावत येऊन पाडली नसती तर चार कोंड्यांचं तयार पाणी पातळ होऊन गेलं असतं. जगननं गोळ्या खाडीत टाकल्या. ज्यानं हात कामातून जातो तो उपाय त्याच्या हिशेबी उपाय नव्हता.

होळी झाल्यावर तो पनवेलच्या जुन्या वैद्यांकडं गेला. वैद्य खरे होते, भोंदू नव्हते. त्यांनी नाडी धरली, जीभ पाहिली, झोप विचारली. मग विचारलं, "काम काय करतोस?"

इथं जगन चुकला. वैद्यांच्या ओसरीवर दोन आगरमालकांचे मुनीम बसले होते. मिठागराचं नाव निघालं की गाव विचारतील, गाव निघालं की घर. तो म्हणाला, "भातशेती."

"उष्णता आहे अंगात," वैद्य म्हणाले. "या दिवसांत शेतीचं काम नसतं, बरं झालं. सावलीत राहा. दूध घे, हे चूर्ण घे. आणि चाळीस दिवस अळणी खायचं. मिठाचा कण नको. खारट, आंबट, तिखट, सगळं बंद."

बाहेर येऊन जगन रस्त्यातच थांबला. मिठानं उष्णता होते, हे त्याला एकदम पटलं. सोळा वर्षं तो मिठात उभा होता. मीठच आपल्याला खाऊन गेलं, असं त्याला वाटलं. काम करायचं तसं त्यानं पथ्य करायचं ठरवलं, पूर्ण. वैद्यांनी कण नको म्हटलं होतं, तर त्यानं सुकी मासळी सोडली, लोणचं सोडलं, आगरात कपाळावरून ओठांवर येणारा घामसुद्धा तो थुंकून टाकायचा.

घरात तीन माणसं. एकानं अळणी खायचं तर लपत नाही. गुणाबाईनं विचारलं, "नवस बोललास काय?"

जगन हो म्हणाला. सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाहिलं, हौसाच्या ताटातलं कालवणही वेगळ्या मडक्यातलं होतं.

"तू कशाला?" त्यानं विचारलं.

"नवस काय एकट्याचा असतं?" ती म्हणाली. "लेकरासाठीच बोललाव ना? मंग मी पण."

तिला नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. दोघंही अळणी जेवू लागली.

फाल्गुन सरला. आगरात ऊन असं की फावड्याचा दांडा धरवत नव्हता. सावलीत राहायला जागाच नव्हती, मीठ ओढायचे तेच दिवस. बाराव्या दिवशी जगनच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. पंधराव्या दिवशी हौसानं पहिल्यांदा पाटी खाली टेकवली, मध्येच. बाकीच्या बायका बघत राहिल्या. एकोणिसाव्या दिवशी जगनला कोंडीचा बांध दोन दोन दिसू लागला. तो फावडं टेकून थांबला, आणि फावड्यासकट मिठाच्या राशीवर पालथा पडला. हातपाय वाकडे होऊन ताठले होते.

दादूनं बैलगाडीत घालून त्याला पनवेलला नेलं. बाजारपेठेतल्या दवाखान्यात एक डॉक्टर होते. युद्धाच्या वेळी सैन्यात नोकरी करून आलेले, बोलायला तिखट. त्यांनी जगनचे पाय चेपून पाहिले, शिरेतून मिठाचं पाणी दिलं, आणि दादूला विचारलं, "हा खातो काय?"

"नवसाचं अळणी खातंय, डाक्टर. एकोणीस दिस झालं."

"मिठागरात राबतो आणि मीठ सोडलं?" डॉक्टर म्हणाले. "गाढवसुद्धा मीठ चाटतं रे. अजून दोन दिवस असंच अळणी खाल्लं असतं तर याला खांद्यावरून न्यावं लागलं असतं."

दादू चहा प्यायला गेला तेव्हा जगननं डोळे उघडले. डॉक्टर खुर्ची ओढून जवळ बसले. "नवस कुठल्या देवाचा?" त्यांनी विचारलं. जगनला देवाचं नाव सुचेना. खोटं बोलायचंही बळ त्याच्यात नव्हतं. छताकडं बघत त्यानं सगळं सांगितलं. तेल, गोळी, वैद्य, आखिती. चार वर्षांत पहिल्यांदा. सांगताना तो रडला नाही. फक्त हाताची मूठ एकसारखी उघडत आणि मिटत होता.

डॉक्टर हसले नाहीत. "घरात किती खोल्या?"

"एक. मधी कूड हाय."

"पलीकडे कोण?"

"आये."

डॉक्टरांनी मान हलवली. "ऐक. हा धातू जाण्याचा रोग नाही, शक्तीचा नाही, उष्णतेचा तर नाहीच. तुझ्यासारखे माझ्याकडे महिन्याला चार येतात. इथले शेठ येतात, मास्तर येतात. याला गोळी माझ्यापाशी नाही. कुणापाशीच नाही. आहे म्हणेल तो फसवेल. एक बधिर करणारं मलम आहे, तेवढ्यापुरतं चालतं. पण पुसून काढलं नाही तर बायकोलाही बधिर करतं, आणि रोग तिथंच राहतो. खरा उपाय सवय मोडण्याचा. परदेशातल्या एका डॉक्टरानं अलीकडेच लिहिलाय."

मग त्यांनी तो सांगितला, नांगर कसा धरायचा ते सांगावं तसा, आडपडदा न ठेवता. आधी महिनाभर बायकोच्या हातानंच. आता येणार असं वाटलं की तिला सांगायचं, तिनं थांबायचं. पूर्ण ओसरू द्यायचं. मग पुन्हा. असं तीनदा थांबायचं, चौथ्यांदा सोडायचं. ते जमलं की पुढचं. घाई नाही, भीती नाही, कुणाच्या खोकल्याकडे कान नाही.

"किती दिवस?" जगननं विचारलं.

"तीन महिने. नव्वद दिवस धर. आणि हे तुझ्या एकट्यानं होणारं नाही. पुढच्या गुरुवारी बायकोला घेऊन ये. मी तिला समजावतो, तुला जमायचं नाही."

जगननं मनात मोजलं. आखितीला सत्तावीस दिवस होते. गुरुवारपासून धरले तर वीसच.

पण काम समजलं होतं. भरतीचं पाणी घेताना झडप कितपत उचलायची आणि कधी पाडायची, हे त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. हेही शिकता येईल, असं त्याला वाटलं. घरी आल्यावर तो आईला म्हणाला, "डाक्टरनं हौसाला बोलावलंय. गुरुवारी."

गुणाबाई चुलीपुढून उठली. "हां," ती म्हणाली. "आता कललं असंल त्याला."

काय कळलं, ते जगनला त्या वेळी उमगलं नाही.

गुरुवारी दोघं चालत गेली. हौसानं लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. वाटेत ती म्हणाली, "मना औषध देतील ना? कडू असलं तरी घेईन." जगन पुढं चालत राहिला.

दवाखान्याच्या बाकावर गावातली भीमाबाई बसली होती, नातवाचा कान दाखवायला. डॉक्टरांनी हौसाला आत घेतलं, दार लावलं. जगन बाहेर उभा. भीमाबाई दाराकडं बघत होती, मग जगनकडं, मग पुन्हा दाराकडं. "बरं केलंस रं," ती हळूच म्हणाली. "एकदा तपासून घेतलेलं बरं. मंग पंचांत बोलाला येतं."

तेव्हा जगनला कळलं. नवऱ्यानं बायकोला डॉक्टरकडं नेलं, म्हणजे दोष बायकोचा. गावाला दुसरा अर्थ माहीत नव्हता. त्याला भीमाबाईला सांगायचं होतं, तसं नाय. तोंड उघडलं. तसं नाय म्हटलं की मग कसं, हे आलं. त्यानं तोंड मिटलं.

हौसा बाहेर आली ती खाली बघत. पनवेल मागं पडेपर्यंत ती झपझप चालत राहिली. नदीच्या वाळूत उतरल्यावर थांबली.

"मना वाटलं, असंच असतं," ती म्हणाली. "सगल्यांचं."

जगन पायानं वाळू सारत राहिला.

"चार वर्स तुमी भिंतीकडं तोंड करून निजताव. मना वाटलं, मी आवडत नाय."

"तसं नाय," जगन म्हणाला. हे मात्र त्याला बोलता आलं.

घरात जमण्यासारखं नव्हतं. आगराच्या बांधावर फावडी ठेवायची एक खोपी होती, माडाच्या झापांची. भर दुपारी सगळे जेवायला घरी जात. ही दोघं शिदोरी घेऊन आगरातच राहू लागली. पहिले चार दिवस काही जमलं नाही. पाचव्या दिवशी त्यानं एकदा वेळेत सांगितलं आणि ती वेळेत थांबली. सातव्या दिवशी दोनदा. कधी हौसाला हसू यायचं, मग त्यालाही. चार वर्षांत ती अशी हसलेली त्यानं ऐकली नव्हती. अकराव्या दिवशी तीनदा थांबता आलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, पुरतं. जेवताना तिनं भाकरीवर मिठाचा खडा चुरला, अर्धा त्याच्या भाकरीवर टाकला.

दादूनं एकदा त्यांना खोपीतून निघताना पाहिलं. "काय जगन, मीठ खाल्ल्यावर जोर आला वाटतं!" तो सगळ्यांदेखत ओरडला. त्यात वाईट काही नव्हतं. पण जगनला दादूचा आवाज कानात राहिला. खरी गोष्ट कळली तर हाच आवाज काय ओरडेल, हे त्याला ऐकू येऊ लागलं.

बाराव्या दिवशी मीठ न्यायचे पडाव खाडीला लागले. खलाशी खोपीत उतरले. रास उचलायची घाई, दिवसभर पाट्या. खोपी मोकळी झाली ती आखितीच्या आदल्या दिवशी.

त्या दिवशी दुपारी हौसा खोपीत आली, पण शिदोरी सोडली नाही. "उद्या भाऊ येईल," ती म्हणाली. "सासूबायनं निरोप धाडलाय. महादेव पाटील आनि पंच बसतील. तुमी बोलाल?"

"बोलेन."

"सगलं नको. एवढंच सांगा, डाक्टरनं सांगलंय, दोष हिचा नाय. पावसापावेतो थांबा. पुरे."

"बोलेन," जगन म्हणाला. रात्रभर तो ते वाक्य घोकत होता. दोष हिचा नाय. पावसापावेतो थांबा. कामाची तयारी करावी तशी त्यानं तयारी केली.

आखितीच्या सकाळी अंगणात घोंगडी पडली. हौसाचा भाऊ बळीराम उरणहून आला होता. तो एका बाजूला मान खाली घालून बसला. पाचसहा पंच, गावातले पुरुष, कडेला दादू. बायका ओट्यावर. गुणाबाईनं आपलं म्हणणं मांडलं. चार वर्षं, नवस, अळणी, शेवटी डॉक्टर. महादेव पाटील माणूस वाईट नव्हता. त्यानं विचारलं, "जगन, डाक्टरनं काय सांगलं?"

जगननं समोर पाहिलं. दादू विडी हातात धरून, ओठ जरा उघडे, वाट बघत होता. थट्टेची नव्हे, नुसतीच. जगनच्या तोंडात वाक्य तयार होतं. दोष हिचा नाय. पण त्याच्यापुढं लगेच दुसरा प्रश्न उभा होता, मंग कोनाचा? आणि त्याचं उत्तर या सगळ्यांसमोर द्यायचं होतं. आयुष्यभर ज्यांच्याबरोबर कोंडीत उतरायचं, त्यांच्यासमोर. त्याच्या पोटऱ्यांत त्या दिवशीसारखा गोळा आला. त्यानं ओट्याकडं पाहिलं. हौसा त्याच्याकडं बघत होती.

पाटलानं पुन्हा विचारलं, "आरं, काय म्हनला डाक्टर?"

तिनं थोडा वेळ अजून वाट पाहिली. मग तीच बोलली. "त्यांना काय विचारता," हौसा म्हणाली. "आत मी होते. दोष माझ्यातच हाय, असं डाक्टर म्हनला."

बळीरामनं मान आणखी खाली घातली. गुणाबाईनं पदर डोळ्यांना लावला. तिलाही सून आवडत नव्हती असं नाही.

गवताची काडी आणली. एक टोक जगनच्या हातात, एक हौसाच्या. काडी मोडायला जोर लागत नाही, ती वाळलेली असते. हौसानं आपला तुकडा पदराला बांधला, बोचकं घेतलं आणि भावाच्या मागून निघाली. बांधाच्या वळणावर तिची पाटी पालथी ठेवलेली होती. तिनं ती उचलून खोपीला टेकवून ठेवली, वाटेत कुणाच्या पायात येऊ नये म्हणून, आणि पुढं गेली.

आठ दिवसांनी जगन पनवेलला डॉक्टरांकडं गेला. कशाला गेला, ते त्याला सांगता आलं नसतं.

"ती गेली," तो म्हणाला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "किती दिवस केलंत?"

"अकरा."

"मी किती सांगितले होते?"

"नव्वद."

"गुण येत होता?"

"येत होता," जगन म्हणाला.



पावसाळा लागायच्या आत गुणाबाईनं दुसरी मुलगी पाहिली. शेजारच्याच गावची, एकोणीस वर्षांची, शांती नावाची, कामाला चांगली. जेवताना आईनं त्याला सांगितलं. जगननं घास खाली ठेवला. त्याच्यापुढं कुडाची भिंत होती. भिंतीपलीकडं आईचा खोकला असणार होता, संक्रांतीला सुपात ठेवलेलं वाण असणार होतं, आणि वाट पाहत राहणारी आणखी एक मुलगी.

"नको," तो म्हणाला.

"का?"

त्यानं घास पुन्हा उचलला. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. प्रत्येक वेळी एवढंच, नको. कारण कधी दिलं नाही. गाव म्हणू लागलं, हौसाला विसरत नाही, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. भीमाबाई हे सगळ्यांना सांगायची. ते जगनच्या कानावर आलं की तो फावडं उचलून कोंडीत उतरायचा आणि तळ तुडवू लागायचा, बाजूनं सुरू करून मध्यापर्यंत.